कडं, डमरू आणि मायरा : पावसाळ्यानंतरच्या नोंदी

पावसाळा सरला आणि आठ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) पुन्हा गच्चीवर चढली. या हंगामात दीर्घिकांच्या मागे लागायचं नाही असं ठरवलंय. फक्त म्हाताऱ्या ताऱ्यांनी टाकून दिलेला वायू, म्हणजे ग्रहीय तेजोमेघ, बघायचा आणि त्याचे आकार वहीत उतरवायचे.

पहिला अर्थात एम ५७, कड्यासारखा दिसणारा तेजोमेघ. अभिजित पश्चिमेला फार कलायच्या आत स्वरमंडळ तारकासमूहातल्या बीटा आणि गॅमा या ताऱ्यांच्या मध्ये दुर्बीण लावली. १२० पटीला कडं स्वच्छ दिसतं. वेळ खाल्ला तो मधल्या पोकळीनं. तिरक्या नजरेनं बराच वेळ पाहिलं की आतला भाग बाहेरच्या आकाशाइतका काळा नाही हे कळतं. चित्रात तिथे पेन्सिल अगदी हलकी फिरवून बोटानं पुसली. हे कडं म्हणजे एक जाड पट्टा आहे; त्याच्या अक्षाच्या दिशेनं फुगलेल्या विरळ वायूतून आपण आरपार बघतो, म्हणून ती धूसर साय. मधला तारा पंधराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) आसपासचा, माझ्या आरशाच्या आवाक्याबाहेर.

मग जंबुक तारकासमूहातला एम २७. साध्या नजरभिंगातून डमरू दिसतो. ओ-थ्री फिल्टर (ठरावीक हिरवा प्रकाशच आत सोडणारी काच) चढवला की कमरेच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा भरत जातात. ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. एम ५७ आपल्याला जवळपास अक्षाच्या दिशेनं दिसतो, एम २७ बाजूनं. जात बहुधा एकच, आपली जागा वेगळी.

फिल्टरची गंमत म्हणजे तो जो हिरवा प्रकाश आत सोडतो, तोच खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सला १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या तेजोमेघाच्या वर्णपटात सापडला होता. 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य त्यासाठी कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे.

आता आकारांबद्दल. तांबडा राक्षसी तारा धडधडतो, वर फेकलेल्या वायूत धूळ धरते, प्रकाश धुळीला ढकलतो आणि धूळ वायूला ओढून नेते. वेग सेकंदाला जेमतेम १०-२० किमी. शेवटी गाभा उघडा पडतो आणि सेकंदाला हजार किमीच्या घरातला विरळ, वेगवान वारा या जुन्या वायूवर मागून आदळतो. १९७८ मध्ये सन क्वोक आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं हे चित्र आजही टिकून आहे. पण तेवढ्यानं गोल फुगाच व्हायला हवा. कंबर कुठून आली? २०२० मध्ये लीन डेसिन यांच्या गटानं आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी अशा म्हाताऱ्या ताऱ्यांचे वारे तपासले, तर ते तेव्हाच चक्राकार, सर्पिल, वेडेवाकडे निघाले. म्हणजे घडण तेजोमेघ उजळण्याआधीच सुरू होते, आणि त्यांच्या मते मुख्य संशयित जोडीदार तारा किंवा मोठा ग्रह. मला हे पटतं.

म्हणून यादीत मायरा घातलाय, तिमिंगल तारकासमूहातला असाच एक धडधडणारा तांबडा राक्षसी तारा. तिमिंगल आता संध्याकाळी पूर्वेला येतं. मायराचा जोडीदार तर ठाऊकच आहे, आणि मागे राहिलेल्या वायूची १३ प्रकाशवर्षं लांब शेपूट २००७ मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीनं अतिनीलात दाखवली. आपल्याला ती दिसायची नाही; प्रत मात्र मोजता येते. तेज कमी-जास्त होण्याचं चक्र सुमारे ३३२ दिवसांचं, तेव्हा शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत दर आठवड्याला एक अंदाज लिहायला घेतलाय. कुणाकडे नवव्या प्रतीपर्यंतचा तुलना-नकाशा छापील असेल तर सांगा, मोबाइलच्या उजेडानं डोळे बिघडतात.