नऊ माणसं, एक पातेलं आणि न शिजलेला राजमा

‘रात्रभर भिजवलेला राजमा, एकच पातेलं, अर्ध्या तासात जेवण तयार.’ ट्रेकवरच्या पाककृतींच्या एका यादीतली ही ओळ ज्याने लिहिली, त्याला एकदा तरी तीन हजार मीटरवर, सोसाट्याच्या वाऱ्यात, नऊ भुकेल्या माणसांसमोर पातेलं देऊन बसवायला हवं. आम्ही त्या ओळीवर भरवसा ठेवला. पाच दिवसांच्या ट्रेकमधली एक अख्खी रात्र त्यात गेली, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या रात्रीचाच आहे. चालायचं कसं, सॅकमध्ये काय भरायचं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

पहिला मुक्काम 2,400 मीटरवर. पास्ता केला, बरा झाला, पुढे जाऊ.

दुसरा मुक्काम 3,100 मीटरवर, तळ्याकाठी. जागा देखणी, पण वारा थेट पाण्यावरून येणारा. नऊ जणांसाठी मोठं पातेलं एकच आणलं होतं आणि त्यात सात लिटर पाणी चढवलं. तळ्याचं पाणी बर्फासारखं गार. उकळी फुटायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात 230 ग्रॅमचा गॅसचा डबा निम्म्याच्या खाली गेला. पाककृतींमधला ‘पाणी उकळून घ्या’ हा टप्पा दोन माणसांच्या मापाचा असतो. स्टोव्ह तोच, ज्योत तेवढीच, पाणी चौपट, म्हणजे वेळही निदान चौपट. हे गणित घरी बसून करता आलं असतं, आम्ही केलं नाही.

खरी गंमत उकळीनंतर सुरू झाली. त्या उंचीवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. म्हणजे पातेलं खदखदताना दिसतं, पण आतलं पाणी हवं तेवढं तापलेलं नसतंच. त्यात मी शहाणपणा करून टोमॅटो आधीच घातले होते. आंबटपणाने कडधान्य मऊ व्हायला आणखी वेळ लागतो, हे खाली उतरल्यावर कळलं. दोन तासांनी दाणा चावून पाहिला तर साल सुटलेली आणि आतून खडू. तोवर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, “चालेल रे, वाढ.” आणि मी वाढलं.

नऊपैकी सहा जणांनी राजमा खाल्ला. त्यातल्या पाच जणांना अकरा ते दोनच्या दरम्यान उलट्या झाल्या. आधी उंचीचा त्रास वाटला, पण ज्या तिघांनी नुसता भात खाल्ला ते गाढ झोपले होते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मोडायला दाणे भिजवून, भिजवलेलं पाणी फेकून, 100 अंशांवर नीट खळखळून उकळावे लागतात. कोमट-गरम पाण्यात रेंगाळलेला राजमा कच्च्याइतकाच, कधी त्याहूनही वाईट. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आडवं करायला पुरतात. सकाळपर्यंत सगळे सावरले, पण दुसऱ्या दिवशीची चाल अर्धीच झाली.

तेव्हा पहिला निर्णय: उंचावर उघड्या पातेल्यात राजमा नको. हरभरे, छोलेही नकोत. त्यांचं कारण विष नाही, स्टोव्हचा गॅस. कडधान्य हवंच असेल तर घरी पूर्ण शिजवून, वाळवून न्या, नाहीतर प्रेशर कुकर उचला. कुकर जड म्हणून आम्ही खाली ठेवला होता. दोघा-तिघांच्या गटाला ते पटतं, पण नऊ जणांत दोन किलो वाटले तर माणशी सव्वादोनशे ग्रॅम होतात. एवढ्यासाठी रडायचं कारण नव्हतं.

दुसरा निर्णय: मोठं पातेलं बाद. दोन मध्यम पातेली आणि दोन स्टोव्ह घ्या. आठ-नऊ किलोंचं भरलेलं पातेलं डब्यावर बसणाऱ्या छोट्या स्टोव्हवर डगमगतं, ते कलंडलं तर जेवणही गेलं आणि कुणाचा तरी पायही भाजला. नळीने जोडलेला, जमिनीवर बसणारा स्टोव्ह या कामाला कितीतरी बरा. वाऱ्याला आडोसा करा, पण डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हभोवती पत्रा गच्च गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि वारा कितीही असला तरी तंबू बंद करून आत स्वयंपाक नाही. स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या रात्री आमच्यातल्या एकाने स्टोव्ह तंबूत न्यायची सूचना केलीच होती आणि मी तेवढा थकलो होतो की हो म्हणणार होतो.

गॅसचं आणखी एक. साधा ब्युटेन शून्य अंशांच्या आसपास वायू व्हायचंच थांबतो, म्हणून पहाटे डबा भरलेला असूनही ज्योत मरते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आम्ही सहा डबे नेले होते. हिशेब बरोबर होता, पण एकट्या राजम्याने जवळजवळ दोन खाल्ले आणि शेवटच्या सकाळी ओट्स, आदल्या रात्री उकळून ठेवलेल्या गार पाण्यात भिजवून गिळावे लागले. नऊ जणांना दिवसाला एक डबा आणि वर दोन, एवढं धरा.

तिसऱ्या रात्री जे केलं ते मात्र मी आता कुठेही, कुणासाठीही करीन. मसूर डाळ आणि तांदूळ. तांदूळ माणशी 90 ग्रॅम, डाळ 50. चालण्याचे शेवटचे दोन तास दोन्ही रुंद तोंडाच्या बाटल्यांत पाण्यात घालून सॅकमध्येच ठेवले. मुक्कामाला पोचेस्तोवर भिजून तयार. दोन पातेल्यांत निम्मं निम्मं, भिजवलेलं धरून प्रत्येकी दोन लिटर पाणी, मीठ, हळद, तिखट, मूठभर घरून आणलेला तळून कोरडा केलेला कांदा. झाकण लावून पंधरा मिनिटं मंद उकळलं, मधूनमधून तळापासून ढवळलं, कारण लहान ज्योत मधोमध लागते आणि तिथेच करपतं. मग स्टोव्ह बंद. पातेली स्लीपिंग मॅट आणि जाड जाकिटांत गच्च गुंडाळून पंचवीस मिनिटं विसरून गेलो. उघडलं तर मऊसूत. आंबट हवं त्याने लिंबू वरून पिळलं, आधी नाही. पहिला घास घेतला तेव्हा मला जगातल्या सगळ्या पाककृतीलेखकांना माफ करावंसं वाटलं, एक सोडून. (ही गुंडाळायची युक्ती भात-मसुरापुरतीच. राजम्याला लावलीत तर माझी रात्र तुमच्या वाट्याला येईल.)

कांदा कोरडा का, तर लसूण-कांद्याचं वाटण तेलात बुडवून बाटलीत न्यायची सूचनाही त्याच यादीत होती. नेऊ नका. फ्रिजबाहेर तेलातल्या लसणात बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. लसणाची पूड चवीला थोडी कमी, पण पुरते.

पास्ता करायचाच तर दीड तास गार पाण्यात भिजवून मग दोन-तीन मिनिटं रटरटवा, आणि पाणी तेवढंच घाला जेवढं त्यात मुरेल. अंधारात, दगडावर, हेडलॅम्पच्या उजेडात उकळतं पाणी गाळायला लावणारा कुठलाही पदार्थ मोठ्या गटासाठी करू नये. कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे) सगळ्यांत सोपा: जेवढं माप तेवढंच उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. पोट भरतं, जीभ फार खूश होत नाही, तेव्हा काजू-मनुका घाला. निखाऱ्यातले बटाटे फोटोत छान दिसतात. नऊ जणांसाठी ते तासभर फिरवत बसण्यापेक्षा सेंटिमीटरभर जाड चकत्या करून झाकणाखाली परता.

नाश्त्याला ओट्स माणशी 60 ग्रॅम, दूध पावडर आणि सुका मेवा घरीच एका पिशवीत मिसळून, वर फक्त गरम पाणी. तळ्याचं पाणी मात्र 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्या, नुसतं वाफाळलेलं नको. उरलेला भात सकाळसाठी ठेवू नका. आणि भांडी तळ्यात नाही, काठापासून सत्तरेक पावलं लांब, उष्टं गाळून पिशवीत.

ती पिशवीच आमची शिक्षा ठरली. फेकून द्यायचा नाही म्हटल्यावर साडेतीन किलो अर्धकच्चा राजमा दुहेरी पिशवीत बांधून बरोबर घ्यावा लागला. चौथ्या दिवशी ती फुगली. कोण उचलणार यावर रोज सकाळी चिठ्ठ्या टाकल्या, तीनपैकी दोनदा माझं नाव निघालं. यादी मीच निवडली होती, त्यामुळे कुणालाही वाईट वाटलं नाही.