चहा ठेवू का?

नाशिकच्या नटाचा कान स्वगतांवर वाढतो. 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आलं ते इथल्याच कुसुमाग्रजांच्या लेखणीतून. त्यामुळे आमच्याकडच्या एकपात्री स्पर्धांत गणपतराव बेलवलकर हटकून भेटतात. मीही कॉलेजात तेच बोलून पहिलं बक्षीस घेतलं होतं. पुढे नट झालो, मग मुलांना नाटक शिकवू लागलो, त्यांच्यासाठी लिहू लागलो. पण लिहायला बसलं की म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी लांबलचक स्वगत यायचंच.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेसाठी गारपिटीवर नाटक लिहिलं, तेव्हाही तसंच झालं. द्राक्षबाग उद्ध्वस्त झालेला शेतकरी आभाळाला जाब विचारतो, चांगली दोन पानं. आठवीतल्या एका मुलाने पंधरा दिवसांत ते चोख पाठ केलं. आवाज खणखणीत, श्वासावर ताबा. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात त्याने ते म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

क्रेट उचलण्याचं काम असलेली एक मुलगी मात्र तशीच उभी होती. मी विचारलं, "काय गं?"

"सर, आमचे आण्णा काहीच बोलले नव्हते."

व्हरांडा गप्प झाला. मी म्हटलं, "दाखवशील?"

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांचा एक खेळ मी नेहमी घेतो. बोलायचं नाही, दुसऱ्यांची शरीरं हव्या तशा स्थितीत उभी करायची आणि आपला प्रसंग दाखवायचा. तिने दहा-बारा पोरं दोन ओळींत उभी केली, त्यांचे हात वर करून बोटं एकमेकांत अडकवली. मांडव झाला. मग ती स्वतः आण्णा झाली. मांडवाखाली वाकून चालली. एका घडापाशी थांबली, तडकलेले मणी बोटांनी चाचपले. विरळणी करताना ज्या हाताने मणी काढतात, त्याच सवयीने एक-एक खराब मणी काढू लागली. सगळा घडच गेलेला, तरी काढतच राहिली. मग खिशातली कात्री काढून जमिनीवर ठेवली आणि तोडणीसाठी आणून ठेवलेले रिकामे क्रेट मोजून पालथे घालू लागली.

"व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता," ती मधेच म्हणाली. "आई दारातून एवढंच बोलली, चहा ठेवू का?"

ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंतचे चार महिने त्या एका वाक्यात आले होते. मी खुर्चीवरून उठलो आणि संहितेतली ती दोन पानं सगळ्यांसमोर काढून टाकली. वाईट वाटलं ते त्या मुलासाठी. त्याचे डोळे भरले होते.

"सर, मग मी काय करू?"

मला उत्तर सुचण्याआधीच मुलगी म्हणाली, "मधला खांब तू हो. तो पडला की मांडव पडतो."

आठ दिवसांनी नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग झाला. मी विंगेत उभा होतो. क्रेट पालथे पडताना लाकडी रंगमंचावर होणारा आवाज सोडला तर प्रेक्षागृहात काही ऐकू येत नव्हतं. मधल्या खांबाचे दंड थरथरत होते. पडदा पडला तरी त्याने हात खाली घेतले नाहीत. तिने जाऊन त्याची बोटं सोडवली.