फुल-रेंज स्पीकरना सबवूफरची जोड

फुल-रेंज स्पीकर मला मनापासून आवडतात. एकाच ड्रायव्हरमधून, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या एकाच भागातून, सगळे स्वर निघत असल्यामुळे गायकाचा आवाज कुठेही सांधा न जाणवता ऐकू येतो. पखवाजाचा घुमारा मात्र त्यांना पेलवत नाही, कारण तेवढ्याच पातळीचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर ड्रायव्हरच्या कोनला (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) चौपट हालचाल करावी लागते, आणि ४ इंची ड्रायव्हरकडे तेवढी मुभाच नसते. म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, धमाक्यासाठी नव्हे, तर या कोनवरचे ओझे उतरवण्यासाठी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. स्पीकरना हाय-पास फिल्टर (खालचे स्वर अडवणारी गाळणी) लावून साधारण ८० हर्ट्झखालचे काम सबवूफरकडे सोपवले, की गाण्याचा मधला भागही स्वच्छ होतो.

खरी अडचण खोलीची असते. दादरमधल्या आमच्या हॉलसारख्या ३ मीटर रुंदीच्या खोलीत सुमारे ५७ हर्ट्झला दोन भिंतींमध्ये स्थिर लहर (जागच्या जागी राहणारी आवाजाची लहर) तयार होते, त्यामुळे भिंतीलगत बास घुमतो आणि मधोमध बसणाऱ्याला तोच स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान सबवूफर ठेवून ते एकाच फेजमध्ये, म्हणजे दोघांचे कोन एकाच वेळी पुढेमागे होतील असे, चालवले, तर दोघे मिळून ही लहर बरीचशी दाबून टाकतात. म्हणूनच एका मोठ्यापेक्षा मी दोन लहान सुचवतो.

मुंबईत खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करावा लागतो. सबवूफरखालच्या रबरी पॅडमुळे स्लॅबमध्ये उतरणारी कंपने कमी होतात, पण हवेतून पसरणारा बास अडत नाही. त्यासाठी रात्री पातळी उतरवावीच लागते.