तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रोन आपोआप गाडीमागे जातो, मग माणूस कशाला?

लग्नाआधीची चित्रीकरणे, नव्या गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे व्हिडिओ अशी कामे मी सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत करतो. दर ठरवताना समोरचा माणूस हमखास विचारतो, "ड्रोनला एकदा गाडी दाखवली की तो आपोआप मागे जातो म्हणे. मग आदल्या दिवशी रस्ता बघायला यायचं, सोबत आणखी एक माणूस आणायचा, हे सगळं कशाला?" प्रश्न रास्त आहे, कारण त्यातली माहिती खरी आहे. ड्रोन खरोखरच मागे जातो. मात्र मागे जाताना त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे एकदा नीट सांगायला हवे.

डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने 2016 मध्ये फँटम 4 हा ड्रोन बाजारात आणला, तेव्हापासून ही सोय सर्वसामान्य ड्रोनमध्ये रुळली. स्क्रीनवर गाडीभोवती बोटाने चौकट काढली की ड्रोन तिचा रंग, आकार आणि चित्रातले स्थान लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तिलाच शोधत राहतो. त्याआधीच्या पद्धतीत गाडीतल्या फोनच्या किंवा रिमोटच्या जीपीएसमागे ड्रोन जात असे, आणि जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज होत असल्यामुळे गाडी चौकटीच्या मधोमध क्वचितच राहत असे. नवी पद्धत त्याहून कितीतरी चांगली आहे. तरीही कडुनिंबाच्या दाट सावलीतून गाडी गेली, मागे धुळीचा लोट उठला, किंवा तशीच दुसरी पांढरी गाडी शेजारून गेली, तर ड्रोनची ओळख तुटते. आपल्याकडे पांढऱ्या गाड्या किती आहेत, हे सोलापूरच्या सात रस्ता चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.

ओळख तुटली तर फार काही बिघडत नाही. गाडी मागे घेऊन पुन्हा सुरुवात करता येते. खरी भीती तारांची असते. ड्रोनवरचे सेन्सर भिंत, झाड, इमारत ओळखतात. बारीक तार त्यांना बहुधा दिसत नाही, आणि रिमोटच्या स्क्रीनवर ती माणसालाही दिसत नाही. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी कंबरेच्या वर आलेली असते, मधून शिवरस्ता सरळ गेलेला असतो आणि चित्रीकरणाला त्याहून देखणी जागा जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. पण त्याच रस्त्याला विहिरीवरच्या मोटारीसाठी ओढलेल्या तारा ठिकठिकाणी आडव्या जातात. म्हणून आदल्या दिवशी मी तो सगळा पट्टा पायी चालतो. तार शोधत बसायचे नसते, खांब शोधायचे असतात. रस्त्याच्या एका बाजूला खांब दिसला की दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार सापडेपर्यंत पुढे जायचे नाही, आणि सापडला की दोघांच्या मध्ये उभे राहून वर बघायचे. झोळ पडलेली तार मध्यभागी खांबावरच्या उंचीपेक्षा बरीच खाली आलेली असते. ती जागा मी रस्त्याच्या कडेला चुन्याने आखून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सोबतच्या माणसाला एवढेच काम असते, की त्याने स्क्रीनकडे अजिबात बघायचे नाही, ड्रोनकडे आणि त्या खुणांकडे बघायचे, आणि तो "थांब" म्हणाला की मी कारण न विचारता थांबायचे.

विजेच्या मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत तर मी हिशेब करत बसतच नाही. रायचूरहून सोलापूरला येणारी 765 केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी, जिच्यामुळे 2013 च्या अखेरीस दक्षिणेची वीजजाळी देशाच्या उरलेल्या जाळीला जोडली गेली, तिच्या जाड तारा लांबूनही दिसतात. पण मनोऱ्यांच्या अगदी शेंड्यावरून आकाशातून पडणाऱ्या विजेपासून संरक्षणासाठी जी तार जाते ती त्यांच्या मानाने बारीक असते आणि आकाशात विरून जाते. "वरून काढू या की" असे सुचवणाऱ्याला मी ती आधी दाखवतो.

दुसरी गोष्ट बाजूने उडण्याची. गाडीच्या बरोबरीने बाजूने जाणारे चित्र सगळ्यांना हवे असते, आणि ते असतेही सुरेख. मात्र अनेक लहान ड्रोनना सेन्सर पुढे, मागे आणि खाली असतात, बाजूंना नसतात. म्हणजे नेमके ज्या दिशेने ड्रोन जात असतो, त्याच दिशेला तो आंधळा असतो. शिवाय जास्त वेगासाठी स्पोर्ट मोड लावला, की बहुतेक ड्रोनमध्ये अडथळे टाळण्याची सोय बंदच होते. अशा चित्रासाठी रिमोटच्या दोन्ही स्टिक माझ्या हातात असतात. आपोआप मागे जाण्याची सोय मी मोकळ्या माळावर, ड्रोन उंच असताना वापरतो.

वेगाबद्दल माझे मत ठाम आहे. अनेक ड्रोन साध्या मोडमध्ये सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर वेगाने जातात. समोरून वारा असेल तर तेवढेही जमत नाही, आणि आषाढातला आपल्याकडचा पश्चिमेचा वारा काय असतो, हे वेगळे सांगायला नको. वळणावर ड्रोन बाहेरच्या बाजूला असेल तर त्याला गाडीपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला राहावे लागते. या सगळ्याला पुरून उरेल असा वेग ताशी चाळीसचा. "एवढी हळू गाडी बरी दिसेल का?" असे विचारले जाते. वेग दिसतो तो गाडीमुळे नव्हे, जवळून मागे पळणाऱ्या गोष्टींमुळे. शंभर मीटर उंचीवरून ऐंशीने पळणारी गाडी मुंगीसारखी सरकते. तीच चाळीसने जात असताना ड्रोन तीन मीटरवर आणला आणि मध्ये ज्वारीची कणसे राहिली, तर बघणाऱ्याला ती सुसाट वाटते. त्याला जोड शटरची, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो त्याची, लागते. सेकंदाला 25 चित्रे घेताना शटर एक पन्नासांश सेकंद ठेवले, तर पळत्या कडा किंचित पुसट होतात आणि डोळ्याला वेग जाणवतो. सोलापूरच्या उन्हात तसे शटर ठेवले तर चित्र पांढरेफटक पडेल, म्हणून कॅमेऱ्यावर गडद एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काच, चढवावा लागतो. तो नसला की शटर आपोआप कितीतरी पट जलद होते, आणि रस्त्यावरचे पट्टे तुटक, थरथरत पुढे येतात. कितीतरी व्हिडिओंत मला हा एकच दोष खटकतो, आणि तो नंतर संगणकावर पुरता निघत नाही.

ऊन आणखी एका कारणाने आडवे येते. अनेक ड्रोनना कंपनीने 40 अंशांची मर्यादा घातलेली असते. आपला पारा एप्रिल-मेमध्ये ती दुपारी सहज ओलांडतो. त्या महिन्यांत सकाळी नऊच्या आत काम आटोपते, किंवा तारीख पुढे जाते.

मी स्वतः गाडीत बसून ड्रोन का उडवत नाही, हेही बरेच जण विचारतात. ड्रोन जिथून उडाला ती जागा तो घर म्हणून लक्षात ठेवतो आणि बॅटरी उतरली की तिकडे वळतो. गाडी तोवर तीन किलोमीटर पुढे गेलेली असली, तर ड्रोन एकीकडे आणि आपण दुसरीकडे. त्यापेक्षा साधारण साडेसहाशे मीटरचा पट्टा निवडून मी त्याच्या मधोमध उभा राहतो. चाळीसच्या वेगाने एक मिनिटाचे चित्र मिळते आणि ड्रोन सतत डोळ्यांसमोर राहतो.

शहरात चित्रीकरण हवे असेल तर आधी विमानतळाचा विचार करावा लागतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या, क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे. 8 किलोमीटरच्या आत परवानगी लागते. होटगी रस्त्यावरचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे सिद्धेश्वर तलावाकाठी गाडी फिरवून वरून चित्र घ्यायचे, तर नुसती माझी तयारी पुरत नाही. तिथून आता प्रवासी विमानेही ये-जा करतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला मी ड्रोन नेतच नाही. तो पक्षी इतका थोडा उरला आहे, की एखाद्या गाडीच्या व्हिडिओसाठी त्याच्या माळरानावर घरघर करणे मला पटत नाही.

राहिला गाडी चालवणारा, आणि सगळ्यात जास्त भार त्याच्यावरच असतो. त्याने वर बघायचे नाही, ड्रोन कुठे आहे हे आरशात शोधायचे नाही, खड्डा चुकवायला अचानक स्टिअरिंग वळवायचे नाही. खड्डे आधी चालून पाहिलेले असतात आणि त्याला ते ठाऊक असतात. फोन स्पीकरवर ठेवून मी एवढेच म्हणत राहतो, "अण्णा, काटा चाळीसवर, सरळ, सरळ." नवरदेव स्वतः गाडी चालवणार असेल तर त्याला त्या पट्ट्यावरून ड्रोनशिवाय दोन-तीन फेऱ्या मारायला लावतो, म्हणजे हात मोकळा होतो आणि ड्रोन आला तरी मान वर जात नाही. म्हणून तुमचा फोन आला की तारखेच्याही आधी मी विचारतो, गाडी कोण चालवणार आहे, आणि तो आदल्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर तासभर येऊ शकेल का.