सेंद्रिय कर्ब मोजताना अडलेले दोन महिने

पाच वर्षे मी पिकाचे काड न जाळता बारीक करून शेतातच पसरले आणि पहिले वर्ष सोडून दरवर्षी चांगले कुजलेले शेणखत दिले. त्या कामात फारसे कुठे अडले नाही. अडले ते मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काड-खतातून आलेला कार्बन, किती साठला हे कागदावर आणताना, आणि त्या दोन महिन्यांचा मनस्ताप अजून पुरता गेलेला नाही.

जमीन बदलते आहे हे त्याआधीच दिसत होते. काड आणि खत मिळालेल्या वाफ्यातले एक वाळलेले ढेकूळ आणि बांधाजवळच्या, काहीच न दिलेल्या पट्ट्यातले एक ढेकूळ मी पाण्याच्या दोन पेल्यांत सोडले. पट्ट्यातले ढेकूळ मिनिटभरात विरघळून पाणी गढूळ झाले. वाफ्यातले मात्र अर्ध्या तासानंतरही बरेचसे आकार धरून होते. सूक्ष्मजीव काड कुजवताना जो चिकट पदार्थ सोडतात आणि बुरशीचे जे धागे पसरतात, त्यांनी मातीचे कण रव्यांत बांधले जातात. त्या रव्यांच्या आत अडकलेला सेंद्रिय अंश सूक्ष्मजीवांच्या तावडीतून बराच काळ वाचतो. वारंवार खोल नांगरट केली की हेच रवे फुटतात, म्हणून मी नांगरट कमी केली.

आता अहवालाविषयी. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेने सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के दिला होता. पाच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत नमुना दिला, पाच आठवडे वाट पाहिली आणि आकडा आला १.३१. क्षणभर मला अतिशय आनंद झाला, पण पाच वर्षांत इतकी वाढ मनाला पटेना. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत चाचणीची पद्धत छापलेली होती. जुनी चाचणी वॉकली-ब्लॅक पद्धतीची, म्हणजे डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाची होती; नवी चाचणी नमुना यंत्रात सुमारे हजार अंश तापमानाला जाळून केलेली होती. जाळण्याच्या पद्धतीत चुनखडीतला कर्बही मोजला जातो, आणि माझ्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकताच ती फसफसली, म्हणजे तिच्यात चुनखडी होती. तेव्हा तो आकडा एकूण कर्बाचा होता आणि मी मात्र त्याची तुलना सेंद्रिय कर्बाशी करत होतो.

फेरतपासणीसाठी अर्ज केला, तर जुन्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक मागितला गेला. तो दिल्यावर नमुन्याची खोली लिहिलेली नाही म्हणून अर्ज परत आला. पद्धत बदलल्याचे अहवाल देतानाच ठळकपणे सांगितले असते, तर ही पायपीट टळली असती, असे मला आजही वाटते. शेवटी उपयोगी पडली ती जुन्या मातीची बरणी. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासूनच्या प्रयोगांचे वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत हे वाचून मीही पहिल्या वर्षीची थोडी माती सावलीत वाळवून ठेवली होती. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच जुन्या पद्धतीने तपासून घेतले: जुना ०.५२, नवा ०.६४.

केवळ टक्केवारीवर मात्र थांबू नका. लोखंडी कडे ठोकून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती काढली, १०५ अंशांवर वाळवली आणि वजन केले, तर घनता दर घन सेंटिमीटरला १.४२ ग्रॅमवरून १.३४ ग्रॅमवर आली होती. माती भुसभुशीत झाली होती. टक्केवारी, घनता आणि खोली यांचा गुणाकार केल्यावर हेक्टरी साठा सुमारे ११.१ टनांवरून १२.९ टनांवर गेलेला दिसला. टक्केवारीत २३ टक्के वाढ दिसते, साठ्यात ती १६ टक्केच भरते. यातला शेणखताचा कर्ब दुसऱ्या जमिनीवर वाढलेल्या चाऱ्यातून आलेला आहे, त्यामुळे सगळी वाढ हवेतून नव्याने साठवलेली आहे असे मी म्हणणार नाही. तरीही ती माझ्या मातीत टिकली याचा मला अभिमान आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पहिल्या वर्षी मी नुसते गव्हाचे काड मातीत मिसळले आणि पुढचे पीक पिवळे पडले. त्या काडात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे ८० भाग असतात, त्यामुळे ते कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र उचलतात. त्यानंतर मी काडासोबत शेणखत दिले आणि पेरणीच्या बरेच आधी मिसळले. पीक पुन्हा तसे पिवळे पडले नाही.

नव्या मातीची बरणीही आता भरून ठेवली आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर तारखेसोबत खोली व चाचणीची पद्धतही लिहिली आहे.