लिनक्स ड्रायव्हरमध्ये 8 डिस्क्रिप्टरची मर्यादा पाळताना: माझा अनुभव

नागपुरात मे महिन्यात लॅबमधलं नेटवर्क कार्ड अडकलं की पहिला संशय उन्हावर जातो. पण साधं आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) तासन्‌तास बिनधोक चालत होतं आणि सेंडफाइलने (फाइल थेट नेटवर्कवर पाठवायची लिनक्सची सोय) मोठी फाइल पाठवली की लगेच ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आऊट’, म्हणजे पाठवायची रांग अडकल्याचा संदेश, यायचं. एथटूल या कमांडने टीएसओ (मोठं पॅकेट तोडायचं काम कार्डावर सोपवायची सोय) बंद केल्यावर अडकणं थांबलं, तेव्हा तापमानाचा प्रश्न मिटला.

डेटाशीटमध्ये दोन अटी होत्या: एका पॅकेटला जास्तीत जास्त 8 डिस्क्रिप्टर (डेटाचा एक तुकडा मेमरीत कुठे आणि किती आहे हे कार्डाला सांगणारी नोंद), आणि एका डिस्क्रिप्टरमध्ये 16,383 बाइट. साध्या सेंडमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) डेटा 32 केबीच्या सलग तुकड्यांत भरतो, म्हणून 64 केबीचं पॅकेट मर्यादेत बसतं. सेंडफाइल मात्र पेज कॅशची (फाइलच्या मेमरीतल्या प्रतीची) 4 केबीची पानं जोडत जातं: 16 पानं आणि हेडर, म्हणजे 17 डिस्क्रिप्टर.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) मोजत होता फ्रॅगमेंट, म्हणजे पॅकेटमधले डेटाचे तुकडे. मोजायला हवेत डिस्क्रिप्टर. 32 केबी म्हणजे 32,768 बाइट. 16,383 चे दोन तुकडे केले तरी 2 बाइट उरतात आणि त्यांच्यासाठी तिसरा डिस्क्रिप्टर जातो. तिसरा तसाही लागणारच, मग 12,288, 12,288 आणि 8,192 असे तुकडे पाडणं चांगलं. 4 केबीची अलाइनमेंट टिकते, म्हणजे तुकडे 4 केबीच्या हद्दीवरच तुटतात.

मर्यादा ओलांडली की थेट एसकेबी-लिनिअराइझ करायचा, म्हणजे पॅकेटचे विखुरलेले तुकडे एका सलग मेमरीत कॉपी करायचा, मोह होतो. मोठ्या टीएसओ पॅकेटसाठी ते टाळाच. 64 केबी आणि वरची माहिती मिळून 64 केबीत मावत नाही, म्हणून पुढचा दुप्पट आकार, म्हणजे 128 केबी सलग मेमरी लागते, तीही झोपता न येणाऱ्या (मेमरी मोकळी होईपर्यंत थांबता न येणाऱ्या) कॉन्टेक्स्टमध्ये. मेमरी विखुरलेली असली की मिळत नाही आणि पॅकेट टाकून द्यावं लागतं.

म्हणून आम्ही टीएसओची कमाल 24,576 बाइटवर आणली. पानाच्या मधूनच सुरुवात झाली तर 6 ऐवजी 7 पानं लागतात, हेडर धरून बरोबर 8. तरीही कोणी शंभर-शंभर बाइटांचं सेंडफाइल केलं तर हा हिशोब मोडतो. त्यासाठी फीचर्स-चेकमध्ये (पॅकेट देण्याआधी कर्नल ड्रायव्हरला विचारतो त्या फंक्शनमध्ये) डिस्क्रिप्टर मोजून, जास्त भरले तर त्या पॅकेटपुरते जीएसओचे (तोडायचं काम कार्डावर सोडणारे) फ्लॅग काढले. मग कर्नलच पॅकेट तोडतो. तोडलेलं 1,500 बाइटचं पॅकेटही बसलं नाही, तर ट्रान्समिट फंक्शनमध्ये लिनिअराइझ. एवढ्याशा कॉपीचं ओझं नगण्य.

डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वाचता यावी म्हणून पत्ता देणं) मध्येच फसलं तर आधी मॅप केलेले तुकडे उलट क्रमाने अनमॅप करा. आणि रिंगमध्ये (डिस्क्रिप्टरांच्या गोल रांगेत) 8 जागा शिल्लक नसतील तर पुढचं पॅकेट येण्याआधीच क्यू थांबवा. थांबवल्यावर मेमरी बॅरियर (वाचन-लिखाणाचा क्रम न बदलू देणारी सूचना) टाकून रिकाम्या जागा पुन्हा तपासा. नाहीतर त्याच क्षणी जागा मोकळी झाली, तर क्यू उठवायला कोणी उरत नाही.