आधी पान उलटा, मग औषध

१२ ऑगस्ट

चार दिवसांची झड आज उघडली आणि गच्चीवरच्या टोमॅटोची खालची पानं पिवळी दिसली. अशा वेळी हात आधी युरियाकडे जातो, तो थांबवलेला बरा. पिवळ्या पानावर तपकिरी डाग आहेत आणि डागात कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी एकात एक कडी आहेत. हा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. तो जुन्या पानांवर सुरू होतो आणि वर चढतो. कडी नसतील, डाग दोन-तीन मिलिमीटरचे, मधे राखाडी आणि त्यात मिरपुडीसारखे काळे कण असतील तर सेप्टोरिया, ही दुसरी बुरशी. उपाय जवळजवळ तोच, त्यामुळे तिथे फार कीस पाडू नये.

उशिरा येणारा करपा मात्र वेगळा ओळखायलाच हवा. त्याचे डाग पाण्यात भिजल्यासारखे, वेडेवाकडे, कुठल्याही पानावर; खोडावरही काळपट चट्टे. सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. त्याला थंड, ओली हवा लागते, म्हणून अवकाळी ढगांच्या थंडीत तो जास्त गाठतो. चार-पाच दिवसांत झाड बसतं. डाग झाडभर पसरले असतील तर औषधाच्या नादी न लागता झाड पिशवीत घालून बाहेर काढायचं.

आजचा करपा पहिल्या प्रकारचा, लवकर येणाराच आहे. जमिनीपासून एक फुटापर्यंतची डागाळलेली पानं कात्रीने देठासकट काढायची, पण एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. पानं ओली असताना हात लावायचा नाही, आणि प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. काढलेली पानं घरच्या खताच्या डब्यात नकोत. तो डबा बुरशी मरेल इतका तापत नाही. मातीवर दोन इंच वाळका पाला पसरायचा, कारण पावसाचे थेंब मातीवरून उडतात तेव्हा बुरशीचे बीजाणू खालच्या पानांवर नेऊन बसवतात.

मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, ५० टक्क्यांची पावडर: लिटरला अडीच ग्रॅम. चमच्याने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोजून. कोरडी पावडर थेट पंपात टाकली की गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. आधी वाटीभर पाण्यात कालवून घ्यायची, मग उरलेलं पाणी. ती तळाला बसते, म्हणून फवारताना पंप अधूनमधून हलवायचा. वेळ सकाळची, ऊन कोवळं असताना. पानाच्या खालची बाजू आधी. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत फवारलं तर औषध वाळायला वेळ लागतो आणि तांब्याने पानाच्या कडा भाजतात. मग हेही दुखणं करप्याचंच वाटतं! हातमोजे आणि मास्क लावायचा. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते पाकिटावर छापलेलं असतं, तेवढे दिवस थांबायचं.

२१ ऑगस्ट

जुने डाग तसेच आहेत, तसेच राहणार. तांबं निरोगी पानावर बीजाणू रुजू देत नाही; आत शिरलेली बुरशी ते बाहेर काढत नाही. पाहायचं ते वरच्या नव्या पानांकडे, आणि ती स्वच्छ आहेत. पाऊस चालू आहे, म्हणून दुसरी फवारणी उद्या, नऊ-दहा दिवसांच्या अंतराने.

कडेच्या कुंडीत वेगळीच भानगड. शेंडा आखडलाय, पानं वर वळून वाटीसारखी झालीत, कडा पिवळ्या. फांदी हलवली की पांढऱ्या माश्या उडतात. हा बोकड्या, विषाणूचा. याला फवारा नाही आणि खतही नाही. आधी माशी मारायची, मगच झाड उपटायचं. नाहीतर ती शेजारच्या कुंडीवर जाऊन बसते. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि दोन मिलिलिटर पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. तांबं फवारायच्या दिवशी हे नाही. उरलेल्या कुंड्यांत पिवळे चिकट सापळे, शेंड्याच्या उंचीला.

आणि तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवायचं नाही. त्यातून मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणारा विषाणू येतो, साबणाने हात धुवावेच लागतात.